आजीच्या गीतपुस्तकात पेन्सिलच्या खुणा आहेत, त्या कोणी वाचून देईल का? आणि कृतज्ञतेच्या उपासनेत काय बोलू?

नगरची_नात

सगळ्यांना सलाम. आमची आजी मागच्या मंगळवारी प्रभूकडे गेली, ९४ वर्षांची होती. दुसऱ्याच दिवशी माती दिली, तेव्हा कोणाला काही सुचलंच नाही, पाळकसाहेबांनी दोन शब्द सांगितले आणि आम्ही पोरं नुसती उभी होतो. आता पुढच्या शनिवारी चर्चमध्ये कृतज्ञतेची उपासना ठेवलीय आणि घरच्यांच्या वतीने मी बोलायचं असं सगळ्यांनी मिळून ठरवलंय, कारण शेवटची चार वर्षं मी तिच्याजवळ होते.

मी लिहायला बसते आणि लिहून होतं ते असं. जन्म १९३१, नगर जिल्ह्यातलं खेडं, वडील मिशनच्या शाळेत मास्तर, स्वतः बोर्डिंगात राहून शिकली, ट्रेनिंग केलं, तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, चार मुलं, आजोबा १९७४ ला गेले, त्यानंतर एकटीच्या पगारावर चौघांची शिक्षणं आणि लग्नं. बहात्तरच्या दुष्काळात शाळेत पोरांना सुकडी वाटायची त्याच्या गोष्टी सांगायची. हे सगळं खरं आहे पण वाचताना ती कुठेच दिसत नाही मला.

ती दिसायची पेटीवर. वयाच्या एकोणिसाव्या वर्षापासून चर्चमध्ये वाजवायला लागली ते जवळपास साठ वर्षं. आधी पायपेटी होती, मग गुडघे गेले तसं पायाने भाता मारणं जमेना म्हणून हातपेटी घेतली. माझ्या डोळ्यांसमोर येते ती एकच गोष्ट, गीताचा नंबर सांगितला की ती सा धरून ठेवायची आणि मान वळवून मंडळीकडे बघायची. मागच्या बाकावरचं शेवटचं माणूस उठून उभं राहिल्याशिवाय पुढचा सूर यायचा नाही. लहानपणी मला वाटायचं पेटी अडकली की काय. कितीही वेळ लागू दे, सा चालूच.

आता प्रश्न. तिचं उपासना संगीत, म्हणजे आमचं चर्चचं गीतपुस्तक, माझ्याकडे आलंय. दोनदा बाइंडिंग केलेलं, वर काळं रेक्झिन, दोऱ्याने बांधलेली छोटी पेन्सिल. आत जवळपास प्रत्येक पानावर खुणा आहेत. गीताच्या नंबरशेजारी ‘का ३’ असं लिहिलंय, ते खोडून ‘का २’, तेही खोडून ‘का १’, आणि काही ठिकाणी त्याच्याखाली ‘पां १’. कुठे ‘भ. ठे.’, कुठे ‘धु.’. काही गीतांवर इंग्रजी डी, आर, एम, एस अशी छोटी अक्षरं, त्यात कोलन आणि आडव्या रेघा. आणि एका गीताच्या समासात निळ्या शाईत नुसत्या तारखा, खाली खाली लिहीत गेलेल्या, एकूण ४३ मोजल्या मी, दोन पानं भरलीत. ते गीत काही सणाचं नाही.

मला वाजवता येत नाही, तिने शिकवायचा खूप प्रयत्न केला पण मी अभ्यासाच्या नावाखाली पळायचे, त्याचं आता फार वाईट वाटतंय. कोणाला हे कळत असेल तर प्लीज सांगा. आणि बोलण्याबद्दलही सांगा, पाच मिनिटं दिलीत.

---

पेटीमास्तर

ताई, आजींना आदरांजली. मी भजनात पेटी धरतो, वारकरी घरातला आहे, चर्चची गीतं मला येत नाहीत पण तुमच्या आजींनी जे लिहिलंय ती आमचीच भाषा आहे, लगेच वाचता आली.

‘का’ म्हणजे काळी, ‘पां’ म्हणजे पांढरी. पेटीवर कुठल्या पट्टीला सा धरायचा ते. पांढरी एक म्हणजे इंग्रजी सी, काळी एक त्याच्या लगेच वरची, काळी दोन म्हणजे डी शार्प, काळी तीन एफ शार्प. ‘भ. ठे.’ म्हणजे भजनी ठेका आणि ‘धु.’ म्हणजे धुमाळी, हे तबला किंवा ढोलकीवाल्यासाठी. म्हणजे तुमच्या चर्चमध्ये तालवाद्य होतं एकेकाळी, विचारून बघा.

आता खोडाखोडीचं. काळी तीनवरून पांढरी एक म्हणजे मधल्या सगळ्या काळ्यापांढऱ्या धरून सहा पट्ट्या खाली. सप्तकात बारा असतात, म्हणजे अर्धं सप्तक खाली आल्या त्या. बाईमाणसाचा आवाज वयाप्रमाणे खाली उतरतोच, भल्या भल्या गायिकांनी उतारवयात पट्टी खाली घेतलेली आहे. म्हणजे ही खोडाखोड म्हणजे आजींच्या आवाजाचं वय आहे असं मला वाटतं. तिशीत काळी तीन, पन्नाशीत काळी दोन, असं काहीतरी. ते पुस्तक फार जपा, पेन्सिल पुसट होत जाते, बोटाने चोळू नका, आजच प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न मारता.

पायपेटीबद्दल एक सांगतो. हातपेटीत एक हात भात्यावर जातो, वाजवायला एकच हात उरतो. पायपेटीत दोन्ही हात मोकळे. इंग्रजी चालीच्या गीताला खालचे सूर भरायचे तर दोन हात लागतातच. म्हणून गुडघे गेल्यावर हातपेटीवर येणं म्हणजे नुसतं वाद्य बदलणं नव्हतं, त्यांचा निम्मा हात गेला असेल त्यात. तरी वाजवत राहिल्या. एवढं तरी बोला शनिवारी.

---

वसईचा_वारा

नगरची_नात, तुझं लिहिणं वाचून माझी आजी आठवली. आम्ही कॅथलिक, वसईकडचे, आमच्याकडे पेटी नाही पण आजी चर्चच्या क्वायरमध्ये होती. तिच्या तरुणपणी मिस्सा, म्हणजे आमची चर्चमधली उपासना, लॅटिनमध्ये असायची, व्हॅटिकनची दुसरी परिषद १९६२ ते ६५ झाली त्यानंतर हळूहळू मराठीत आली. म्हणजे आजीने अर्धं आयुष्य ज्या भाषेतला एक शब्द कळत नाही त्या भाषेत मनापासून गायलं, आणि चाळिशी उलटल्यावर सगळी गीतं मराठीत नव्याने पाठ केली. ती म्हणायची, पहिल्यांदा मराठीत गायले तेव्हा मधेच थांबले, कारण मी काय बोलतेय ते मलाच ऐकू आलं. शेवटी शेवटी तिला आमची नावं आठवायची नाहीत पण लॅटिन गीत सुरू केलं की शेवटपर्यंत म्हणायची.

मी तिच्या वेळी बोललो होतो त्यावरून सांगतो. जन्म शिक्षण नोकरी हे कागदावर छापून वाटा, उपासनेच्या पत्रिकेत मागच्या बाजूला येतं ते. पाच मिनिटात तो सा धरून ठेवण्याची गोष्ट सांग. तू वर जे लिहिलंयस तेच वाचून दाखवलंस तरी पुरे, अजून सजवू नकोस. आणि ‘प्रेमळ, कष्टाळू, धार्मिक’ हे शब्द काढून टाक, ते सगळ्यांच्याच आजीला लावतात.

आणि शिकली नाहीस त्याचं मनाला लावून घेऊ नकोस. पुस्तक तुझ्याकडे आलंय ना.

---

सोनचाफा_७

डी आर एम एस चं मी सांगू शकते. ते टॉनिक सोल्फा आहे, डी म्हणजे डो, आर रे, एम मी, एस सो. आपल्या सारेगम सारखंच, सा कुठल्याही पट्टीला धरा, अक्षरं तीच राहतात. सेरा ग्लोव्हर नावाच्या इंग्लंडच्या बाईंनी मुलांना शिकवायला अशी पद्धत काढली आणि जॉन कर्वेन यांनी एकोणिसाव्या शतकात ती पुढे नेली, मिशनच्या लोकांबरोबर ती जगभर गेली. कोलन म्हणजे पुढची मात्रा, आडवी रेघ म्हणजे आधीचाच सूर लांबवायचा, उभी रेघ म्हणजे जोराची मात्रा. आमच्या आत्याला बोर्डिंगात फळ्यावर तक्ता लावून काठीने दाखवत शिकवायचे, बाई काठी कुठे ठेवते ते बघून मुली गायच्या. तुमच्या आजी बोर्डिंगच्या म्हणता तर तिथेच शिकल्या असणार.

या पानांना सगळ्यात आधी जपा असं माझं म्हणणं आहे, कारण आपल्या गीतपुस्तकात शब्द छापलेले असतात, चाल वर एका ओळीत नावाने दिलेली असली तर असली. चाल येणारं माणूस गेलं की शब्द राहतात आणि गाणं जातं. त्यांनी जिथे अक्षरं लिहिलीत तिथे चाल जिवंत आहे. फोटो पाठवलेत तर मी सारेगम मध्ये उतरवून देईन.

अजून एक, घरात जुन्या कॅसेट आहेत का बघा. असल्या तर उत्साहाने लगेच प्ले करू नका. आधी टेप सैल झालीय का बघून पेन्सिलने घट्ट करा, मग पूर्ण पुढे पूर्ण मागे एकदा फिरवा, डेकचं हेड साफ करा, आणि पहिल्यांदा वाजवतानाच रेकॉर्डिंग चालू ठेवा, एकदाच वाजेल असं समजून. फाइल डब्ल्यूएव्ही मध्ये ठेवा, व्हॉट्सॅपवर पाठवायला एमपीथ्री वेगळी करा. आमच्याकडे घाईत एक टेप गुंडाळली गेली ती गेलीच, त्यात आत्याचा आवाज होता.

---

नगरची_नात

वाचून रडू आलं, तुम्हा सगळ्यांचे खूप आभार. फोटो काढले सगळे, सोनचाफा ताई तुम्हाला मेसेज केलाय. कॅसेट दोन सापडल्या, एकीवर ‘ईस्टर पहाट’ एवढंच लिहिलंय तिच्या अक्षरात. दुकानात नेऊन करून घेणार, घरी हात लावणार नाही.

पेटीमास्तर दादा, तालवाद्याचं विचारलं. ढोलकी होती आणि टाळही होते, वाजवणारे काका १९९० च्या आसपास मुलाकडे राहायला गेले तेव्हापासून बंद. पण एक कोडं आहे. सगळ्या गीतांची पट्टी खाली आलेली नाही. संडे स्कूलच्या मुलांची गीतं आहेत ती आत्तापर्यंत काळी तीनलाच, एकदाही खोडलेलं नाही. नाताळची दोनतीन पण तशीच. आवाज तिचाच उतरला असता तर सगळीच खाली यायला हवी होती ना?

---

राहुरीकर

ताई, मी तुमच्याच भागातला, आणि बहुतेक तुमच्या आजींची पेटी मी ऐकलेली आहे. नाव घेत नाही, तुम्हीही इथे घेऊ नका.

पट्टी आजींसाठी उतरलेली नाही, मंडळीसाठी उतरली. आपल्याकडची चर्च आठवा. तरुण पोरं शिकली की पुण्याला नाहीतर मुंबईला, रविवारी मागे उरतात साठीच्या पुढचे. पुरुषमाणसं आणि बायका एकाच पट्टीत गातात, त्यात वरच्या सुराला दम तुटला की लोक गप्प होतात, नुसते ओठ हलवतात, आणि पेटी वाजवणाऱ्याला ते पहिलं ऐकू येतं. जी वाजवणारी बाई शेवटचं माणूस उभं राहीपर्यंत सा सोडत नाही ती वरच्या सुराला कोण गळतंय हे ऐकणारच. म्हणून मोठ्यांची गीतं खाली आणत गेल्या. पोरांचे आवाज दर वर्षी नवेच असतात म्हणून ती काळी तीनला राहिली. नाताळला मुलं सुट्टीत घरी येतात, म्हणून तीही.

‘भ. ठे.’ बद्दल थोडं सांगतो, हे आपल्या नगरचंच आहे. अमेरिकन मराठी मिशन नगरला १८३१ ला आलं, म्हणजे तुमच्या आजींच्या जन्माच्या बरोबर शंभर वर्षं आधी. सुरुवातीच्या काळात इंग्रजी चालीवर बसवलेली भाषांतरं पुष्कळ गायली जायची. त्यात आपली जीभ अडखळते, मराठीत जिथे जोर नाही तिथे चालीत जोर येतो. पुढे नारायण वामन टिळकांनी १८९५ ला बाप्तिस्मा घेतला, १९१९ ला गेले, त्या चोवीस वर्षांत त्यांनी शेकड्यांनी गीतं लिहिली आणि अभंग ओवी हे आपले साचे सरळ घेतले. अभंग आला की भजनी ठेका आला, टाळ आले, मांडी घालून गाणं आलं. त्यामुळे आपल्या चर्चच्या पेटीवाल्याला एकाच तासात दोन वेगळे हात लागतात, एक गीत चार भागांत दोन्ही हातांनी, पुढचं ठेक्यावर. तुमच्या आजींच्या पुस्तकात एका पानावर सोल्फाची अक्षरं आणि दुसऱ्यावर ‘भ. ठे.’ आहे ते म्हणूनच. मला विचाराल तर दोन्ही येणारी माणसं आता आपल्या भागात हातावर मोजण्याइतकी उरलीत.

शास्त्रपाठासाठी सगळे नीतिसूत्रे ३१ घेतात, सद्गुणी स्त्रीचा भाग. चांगलाच आहे. पण पाळकसाहेबांशी बोलून स्तोत्र ९२ घ्या. त्यात तिसऱ्या वचनात वाद्यं आहेत, दहा तारांचं वाद्य आणि वीणा, आणि चौदाव्या वचनात म्हातारपणी सुद्धा फळ देणाऱ्यांबद्दल आहे. एकाच स्तोत्रात दोन्ही. शब्बाथासाठीचं स्तोत्र आहे ते.

त्या ४३ तारखांचं सांगायला मन धजत नाही, पण चर्चचं दफनाचं रजिस्टर उघडून बघा.

---

पेटीमास्तर

राहुरीकर दादा, बरोबर, माझंच चुकलं. मी गाणाऱ्याच्या बाजूने विचार केला, साथ करणाऱ्याच्या बाजूने करायला हवा होता. आमच्या भजनात पण बुवा दमले की पेटीवाला न सांगता पट्टी उतरवतो, कोणाला कळत नाही, पुढच्या अभंगाला हळूच एक पट्टी खाली धरतो. पण लिहून ठेवणारा मी पाहिला नाही.

---

वसईचा_वारा

वाचतोय सगळं. रजिस्टर बघितलं की सांग नक्की.

---

नगरची_नात

काल चर्चच्या ऑफिसमध्ये गेले होते. सेक्रेटरी काकांनी रजिस्टर काढून दिलं, मी तारखा वाचत गेले आणि ते बोट फिरवत गेले. ४३ पैकी ४१ मिळाल्या. सगळी माती दिल्याची तारीख. दोन मिळाल्या नाहीत, काकांचं म्हणणं त्या वेळी शेजारच्या गावच्या मंडळीतून तिला पेटीसाठी बोलावलं असेल, त्यांची नोंद तिकडे असणार.

पहिली तारीख आजोबांची आहे. १९७४. म्हणजे स्वतःच्या नवऱ्याच्या वेळी तिने ते गीत वाजवलंय. बाबांना विचारलं, ते तेव्हा अकरा वर्षांचे होते. ते म्हणाले हो, तीच वाजवत होती, दुसरं कोणाला येत नव्हतं. बाबांनी हे आम्हाला कधीच सांगितलं नव्हतं. ते म्हणाले मला एवढंच आठवतं की तिने सा धरला आणि वळून बघितलं, आणि मी खाली बसलो होतो, उठवत नव्हतं मला, तर ती थांबली. लोक आजूबाजूला बघायला लागले तरी थांबली. मग कोणीतरी माझ्या काखेत हात घालून मला उभं केलं, तेव्हा तिने पुढचा सूर लावला.

त्या गीताची पट्टी पण बघितली मी. आजोबांच्या वेळेला काळी तीन असणार, आता शेवटचं ‘पां १’ आहे. त्याच्याखाली अजून एक आहे, फार पुसट, फोटो मोठा करून बघितला तेव्हा दिसलं, ‘पां ७’. म्हणजे पांढरी सात, पांढरी एकच्याही खालची ना? पण ती तारखांच्या बाजूला नाही, आणि अक्षर थरथरलेलं आहे, म्हणजे पेटी सोडल्यानंतरचं असणार. दोन हजार दहानंतर तिने पेटीला हात लावलेला नाही. मला वाटतं ती घरी बसून लिहीत होती, अजून थोडं खाली घ्या असं पुढच्या माणसाला सांगायला.

शनिवारी माझा चुलतभाऊ वाजवणार आहे, तो कीबोर्ड वाजवतो. त्याला पुस्तक दाखवलंय. स्तोत्र ९२ ठरलंय. मी हे बाबांचं आणि पट्टीचं एवढंच बोलणार, बाकी पत्रिकेत मागे छापायला दिलं. आणि भावाला सांगून ठेवलंय की ते गीत पांढरी सातला, आणि सा धरून मागे बघायचं, मागच्या बाकावर बडीमावशी बसणार आहेत, त्यांना उठायला वेळ लागतो.

---

पेटीमास्तर

हो ताई, पांढरी एकच्या लगेच खालची पांढरी, म्हणजे बी, तीच. कीबोर्डवर ट्रान्सपोजचं बटण असेल तर भावाला उणे एक करायला सांगा आणि तो पांढरी एकच धरू दे, अंगवळणी असलेली बोटं बदलायला नकोत ऐनवेळी.

---

सोनचाफा_७

सात पानं उतरवून झाली, मेसेजमध्ये पाठवलीत. तिसऱ्या गीतात दुसऱ्या ओळीच्या शेवटी आजींनी रेघेवर रेघ मारलीय, सूर नेहमीच्या लयीपेक्षा एक मात्रा जास्त लांबवला आहे, श्वास घ्यायला. तो तसाच ठेवलाय मी.